अंकुराची वाढ आणि त्या दिवसाची नोंद

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता चौका घाट ओलांडून फुलंब्रीला पोहोचतो, तेव्हा दोन्ही बाजूंना दुकानांची रांग सुरू होते. बी-बियाणे, किराणा, कापड, अवजारे. हंगामात कापूस, मका आणि अद्रक यांची वाहने. अशा गावातील एखाद्या दुकानदाराच्या घरी शिकणारी नात एके दिवशी महाविद्यालयातून येऊन सांगते, की पाच मिनिटांचा चित्रपट करून द्यायचा आहे आणि तो घरच्या दुकानातच करण्याचा विचार आहे. गादीवर बसलेले आजोबा चष्मा कपाळावर सरकवतात आणि दोनच प्रश्न विचारतात : "याला खर्च किती? आणि यातून शिकणार काय?"

या प्रश्नांत विरोध असतोच असे नाही. व्यापारी घरात प्रत्येक नव्या कामाला हेच दोन प्रश्न विचारले जातात आणि ज्या कामाला त्यांची उत्तरे देता येतात, त्या कामाला घर सहसा नाही म्हणत नाही. अडचण अशी, की मुलांना बहुधा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. "मोबाइल घरात आहेच, खर्च काहीच नाही," असे त्या सांगून मोकळ्या होतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र चित्रपट पुरा झाल्यावर, आणि तेही पहिला प्रयत्न फसल्यावरच हाती येते. महाराष्ट्रात या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका माणसाने १९१२ साली देऊन ठेवले आहे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून तो पुढे ओळखला गेला. पण त्या वर्षी तो एक विद्यार्थीच होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रण, ठसे बनविणे, छपाई या व्यवसायांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. छापखान्याचा धंदा सुटल्यावर मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट त्यांनी पाहिला आणि हेच काम करायचे, असे मनाशी ठरविले. चाळिशी उलटली होती, घरी मुलेबाळे होती, उत्पन्न थांबले होते. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपट कसा तयार होतो ते त्यांनी पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला कडेची छिद्रे पाडणारे यंत्र यांची मागणी नोंदविली आणि एप्रिलमध्ये परत आले. यंत्रे आली, परंतु चित्रपटाला लागणारे भांडवल नव्हते.

भांडवल मिळविण्यासाठी त्यांनी जे केले, ते कोणत्याही आडत्याला चटकन समजेल. धान्याचा नमुना हातात घेऊन पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. फाळके यांनीही नमुनाच तयार केला. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि बी रुजून त्याचा वेल होईपर्यंत, महिनाभराहून अधिक काळ, रोज त्याचे चित्रण केले. मिनिटाभराची ही फिल्म 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाते. ती काही निवडक मंडळींना दाखविण्यात आली आणि त्यांतील यशवंतराव नाडकर्णी आदींनी कर्ज देण्याची तयारी दर्शविली. त्या भांडवलावर आणि पत्नी सरस्वतीबाई यांच्या दागिन्यांवर 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात तो लोकांसमोर आला.

वाटाण्याच्या या गोष्टीत हिशेबाचा एक बारकावा आहे. फाळके यांनी रोज एकच चौकट, म्हणजे एकच फ्रेम टिपली, असे सर्रास सांगितले जाते. मूकपटांच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चौकटी जात असत. रोज एक याप्रमाणे महिन्याच्या ३० चौकटी झाल्या, तर त्या दोन सेकंदांतच संपतील. मिनिटाभराच्या फिल्मला ९६० चौकटी हव्यात. म्हणजे महिनाभरात रोज ३२ च्या आसपास. तेव्हा 'रोज एक चौकट' ही गोष्ट शब्दशः न घेता रोज थोडे, पण न चुकता, असा तिचा अर्थ घेणे हिशेबाला धरून होईल. चित्रपट शिकणाऱ्याचा पहिला तांत्रिक धडा हाच आहे. पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे ठरावीक संख्येच्या चौकटी. आज भारतात त्या बहुधा २४ किंवा २५ असतात. पडद्यावरचा काळ मोजता येतो, आणि जे मोजता येते त्याचे नियोजनही करता येते.

दुसरा धडा त्याहून मोठा आहे. असे चित्रण करताना कॅमेरा बोटभर जरी सरकला, तरी पडद्यावर रोप उडी मारते. एका दिवशी प्रकाश कमी पडला, तर तेवढाच भाग काळवंडतो. एखादा दिवस चुकला, तर वाढीतील तेवढा टप्पा कायमचा हरवतो, कारण वाटाणा मागे जाऊन पुन्हा उगवत नाही. व्यापारी घरात रोजमेळ त्याच दिवशी लिहिण्याची शिस्त असते. आठ दिवसांनी आठवून लिहिलेल्या नोंदीवर कोणी विश्वास ठेवीत नाही, कारण जे त्या वेळी टिपले गेले नाही ते नंतर जुळवावे लागते. विद्यार्थ्यांचे चित्रपट फसतात तेही बहुतेक याच ठिकाणी. "हे नंतर संगणकावर दुरुस्त करू," असे चित्रीकरणाच्या वेळी म्हटले जाते आणि संकलनाला बसल्यावर कळते, की जे मुळात घेतलेच नाही ते कोणत्याही संगणकात सापडत नाही.

आता आजोबांच्या पहिल्या प्रश्नाकडे, खर्चाकडे वळता येईल. फाळके यांच्या काळात खर्च फुटांवर मोजला जाई. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. त्या वेगाने एका मिनिटाला ६० फूट फिल्म लागे. 'राजा हरिश्चंद्र' या संपूर्ण चित्रपटाची लांबी ३,७०० फुटांच्या आसपास होती आणि त्याला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई घरी करीत. इतक्या कष्टाने सिद्ध केलेल्या फिल्मचा फूट वाया घालविणे कोणाला परवडणार होते?

याउलट आजची विद्यार्थिनी पाच मिनिटांच्या चित्रपटासाठी प्रत्येक प्रसंग पुन्हा पुन्हा टिपते आणि सहजच ५० मिनिटांचे चित्रण गोळा करते. जुन्या मापाने ते ३,००० फूट झाले. जवळजवळ एक अख्खा 'राजा हरिश्चंद्र'! मोबाइलमध्ये त्याला पैसा पडत नाही, असे वाटते. परंतु ते साठवायला जागा लागते, दोन ठिकाणी प्रत ठेवायची तर दुप्पट जागा लागते, आणि नुसते एकदा पाहायचे म्हटले तरी ५० मिनिटे जातात. निवडायला बसले, की रात्र सरते. फुकट वाटणारा माल गोदामाचे भाडे खातच असतो. म्हणून चित्रीकरणाआधी प्रत्येक प्रसंगात कोणते चित्र, कोठून आणि किती वेळ घ्यायचे हे कागदावर लिहून काढणे, हीच या कामातील खरी काटकसर. कागद आणि पेन्सिल यांहून स्वस्त साधन चित्रपटाच्या धंद्यात दुसरे नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे शिकण्याचे, उत्तर दुकानातच उभे राहून शोधता येते. पहिली अडचण प्रकाशाची. गादीवर बसलेल्या आजोबांच्या पाठीमागे रस्त्याचे उघडे दार असेल, तर मोबाइल त्या लखलखीत उजेडाला भुलतो आणि आजोबांचा चेहरा काळा पडतो. उपाय साधा आहे : त्यांना असे बसवायचे, की दाराचा उजेड बाजूने चेहऱ्यावर येईल, आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरायची. चादरीवरून परतलेला प्रकाश सावलीचा काळेपणा मऊ करतो. फाळके यांच्या चित्रीकरणातही प्रकाश परतविण्यासाठी पांढरी चादर हाती धरून सरस्वतीबाई तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. शंभर वर्षांत कॅमेरा ओळखू न येण्याइतका बदलला. चादरीचा उपयोग मात्र तोच राहिला.

दुकानात दिवे लावून चित्रण केले, की दुसरेच संकट येते. पडद्यावर काळसर पट्टे सरकू लागतात किंवा उजेड थरथरतो. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला, की प्रत्येक चौकटीत उजेड सारखा येतो आणि पट्टे बहुधा नाहीसे होतात. चित्रण सुरू करण्यापूर्वी उजेडाचे माप आणि रंगाचा समतोल मोबाइलमध्ये पक्का करून ठेवणेही तितकेच अगत्याचे. नाही तर दारातून पांढऱ्या सदऱ्याचा एखादा ग्राहक आत आला, की सगळ्या दुकानाचा रंग बदलतो.

प्रकाशाची चूक प्रेक्षक एक वेळ पोटात घालतो. आवाजाची घालीत नाही. शब्द कळला नाही, की गोष्टच तुटते. फुलंब्रीच्या बाजारपेठेतून हमरस्ता जातो. मालमोटारी, कर्णे, दुचाक्या, दुकानातला पंखा आणि शीतपेटीची घरघर, हे सारे मोबाइल निमूटपणे टिपतो. माणसाचा कान त्यातून हवा तो आवाज वेचतो. यंत्राला ती निवड येत नाही. मोकळ्या जागी बोलणारा दुप्पट अंतरावर गेला, की माइकपर्यंत पोहोचणाऱ्या त्याच्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून कॅमेरा दूर असला, तरी आवाज टिपणारे साधन वक्त्याच्या जवळच असावे. दुसरा एखादा मोबाइल आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला, तरी मोठा फरक पडतो. दोन्ही यंत्रे सुरू केल्यावर एकदा टाळी वाजवायची. संकलनात त्या टाळीवर चित्र आणि आवाज अचूक जुळतात. शेवटी कोणीही न बोलता अर्धा मिनिट दुकानाची नुसती शांतता टिपून ठेवायची. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते आणि दोन वाक्यांमधील खाच बुजवायला तीच कामी येते.

आवाज हा अडथळा न राहता गोष्टीचा कणा कसा होतो, हे पाहायचे तर उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' हा लघुपट पाहावा. पुण्याच्या फिल्म ॲण्ड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी तो केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लहानशा घरात संसाराला हातभार म्हणून पिठाची गिरणी येते. घरातल्या मुलाला तिचे आधी अप्रूप वाटते, मग तिच्या आवाजाने त्याचे जगणे व्यापून जाते. गिरणी वाईट नाही, आई वाईट नाही, गरजही खरी आहे. तरीही मूल कोंडते. ज्या घरांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असते, तेथील वडीलधाऱ्यांना हा लघुपट पाहताना आपल्या मुलांनी काय काय ऐकत अभ्यास केला, हे आठवल्यावाचून राहणार नाही. आवाज कसा टिपावा, यापेक्षा तो कोणाच्या कानाने ऐकवायचा, हे ठरविणे अधिक अवघड असते.

तिसरी अडचण जुळणीची. गल्ल्यापलीकडे दुकानदार आणि अलीकडे ग्राहक असे दोघे बोलत असतील, तर त्या दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेषा मानतात आणि कॅमेरा सबंध प्रसंगभर त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवतात. रेषा ओलांडली, की पडद्यावर दोघेही एकाच दिशेला पाहताना दिसतात आणि ते एकमेकांशी बोलत आहेत, हेच उमगत नाही. वस्तूंचेही तसेच. एका चित्रात चहाचा पेला भरलेला, पुढच्या क्षणी रिकामा. तराजूत आधी दोन वजने, मग तीन. भिंतीशी पाच पोती, मग चार. प्रेक्षकाला चूक नेमकी सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. ही नजर व्यापारी घरातल्या मुलांना बाहेरून शिकावी लागत नाही. मालाचा साठा डोळ्यांनी मोजणारे घर चित्रपटातील साठाही मोजू शकते. प्रत्येक चित्राचा क्रमांक, वेळ, कोणता प्रयत्न उतरला आणि दुकानात तेव्हा काय कोठे होते, याची वही त्याच दिवशी लिहिली, तर संकलनाचे निम्मे काम झालेले असते.

ही सारी यंत्राची बाजू झाली. पण यंत्र नीट चालले म्हणजे चित्रपट झाला, असे नव्हे. अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स ॲण्ड सायन्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका पारधी मुलाची ती गोष्ट. लांबी पंधरा मिनिटांच्या घरातली. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नॉन-फीचर विभागात दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा सन्मान त्याला मिळाला. पुढे 'फँड्री' आणि 'सैराट' आले. पण वाट उघडली ती एका विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या कामाने. पाहिलेले आणि जगलेले जग सोडून मंजुळे दूर कोठे गोष्ट शोधायला गेले नाहीत. फुलंब्रीच्या विद्यार्थिनीलाही मुंबईच्या गुन्हेगारीची उसनी गोष्ट रचण्याची गरज नाही. गिरिजा नदीच्या काठचे गाव, पावसाची ओढ बसल्यावर उधारीने बियाणे मागणारा शेतकरी, आणि त्याला काय सांगावे याचा विचार करणारे आजोबा, एवढ्यात पाच मिनिटांहून अधिक मोठी गोष्ट आहे.

अशी जवळची गोष्ट घेतली, की एक जबाबदारीही अंगावर येते. दुकानात येणारा माणूस खरेदीला आलेला असतो, चित्रपटात काम करायला नव्हे. त्याचा चेहरा पडद्यावर येणार असेल, तर त्याला आधी विचारले पाहिजे आणि त्याने नको म्हटले, तर ते नको निमूट मानले पाहिजे. उधारीच्या वहीचे पान दाखवायचे असेल, तर नवी वही घेऊन कल्पित नावे लिहावीत. कोणाचे देणे गावासमोर उघडे पडता कामा नये. एखाद्या चित्रपटातील गाणे उचलून पार्श्वसंगीत म्हणून वापरण्याचा मोह टाळावा. ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतात आणि दुसऱ्याचा माल न विचारता आपल्या दुकानात मांडू नये, हे व्यापाऱ्याच्या मुलीला वेगळे सांगावे लागत नाही.

तेव्हा आजोबांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की पैशाचा खर्च थोडा आहे. वेळेचा आणि घराच्या सहकार्याचा खर्च मात्र खरा आहे. एका सकाळी दुकान तासभर उशिरा उघडावे लागेल. पंखा आणि शीतपेटी काही वेळ बंद ठेवावी लागेल. कोणाला तरी चादर धरून उभे राहावे लागेल आणि कोणाला तरी तेच वाक्य सहा वेळा म्हणावे लागेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की नात कॅमेरा शिकेलच. त्याबरोबर पाहण्याआधी मोजायला, बोलण्याआधी ऐकायला, दुसऱ्याला विचारल्याशिवाय त्याचे काही न घ्यायला आणि त्या दिवसाची नोंद त्याच दिवशी करायला शिकेल. पुढे ती चित्रपटाच्या व्यवसायात गेली नाही आणि गादीवरच बसली, तरी यातले काही वाया जाणार नाही.

आणि पहिला प्रयत्न फसलाच, तर घराने एवढेच करावे : तो पूर्ण पाहावा. हसू नये, लगेच शाबासकीही देऊ नये. दिवे मालवून सगळ्यांनी पाच मिनिटे बसावे आणि मग शब्द कोठे ऐकू आला नाही, चेहरा कोठे दिसला नाही, गोष्ट कोठे तुटली, हे एकेकाने सांगावे. तिने ते वहीत लिहून घ्यावे. १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची मिनिटभर फिल्म पाहायला काही माणसे अशीच शांतपणे बसली होती. त्यांच्यासमोर तेव्हा चित्रपट नव्हता, एका कुंडीतला अंकुर होता. तरी त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि मग व्यवहाराचे बोलणे सुरू केले.